१.७६ दिसलं आणि मी ‘नीलम’ लिहिलं

रत्नं तपासण्याचं माझं काम. खडा निळा, स्वच्छ, रिफ्रॅक्टोमीटरवर (खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते मोजणारं यंत्र) रेषा १.७६ च्या आसपास. मी चिठ्ठीवर ‘नीलम’ लिहून मोकळा झालो. दिवसाला किती रिपोर्ट काढले तेच मोजलं जात असेल, तर हात असाच चालतो.

कागदाच्या पुडीत टाकताना खडा किंचित कलला आणि लाल-केशरी ठिणगी उडाली. नीलम असा खेळ करत नाही. रंग फाकण्याची ही ताकद हिऱ्याच्या तोडीची होती.

दहापट भिंगातून तिरकं पाहिलं तर खालच्या पैलूंच्या कडा जोडीजोडीने दिसत होत्या. नीलमात प्रकाश दोन किरणांत फुटतो, पण त्यांच्या अपवर्तनांकांतला, म्हणजे वळण्याच्या मापांतला, फरक जेमतेम ०.००८, तिथे कडा अशा फुटत नाहीत. खडा परत रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवून हळूहळू फिरवला. एक रेषा १.७५७ वर ठाम, दुसरी सरकत सरकत १.८०४ पर्यंत. सकाळी ही वरची रेषा मी पाहिली होती हो! पण खडा काचेला चिकटून बसावा म्हणून लावतो त्या द्रवाची स्वतःची रेषा १.८१ ला असते, तिच्यातच ती जमा धरली. हवेत वजन १.४६ कॅरेट, पाण्यात १.०६, म्हणजे घनता ३.६५. नीलमाची ४ येते. शेवटी आखूड लहरींचा अतिनील दिवा लावला आणि खडा निळाशार पेटला.

बेनिटोइट. बेरियम आणि टायटॅनियमचं सिलिकेट. पैलू पाडण्याजोगा माल कॅलिफोर्नियातल्या सॅन बेनिटो परगण्यातला. १९०७ मध्ये तिथे सापडला तेव्हा आधी नीलमच समजले होते. भूगर्भशास्त्रज्ञ लाउडरबॅक यांनी तो नवा खनिज ठरवला. गंमत म्हणजे नीलमाची निळाईही टायटॅनियमचीच, लोहाच्या जोडीने. फक्त तिथे तो नावापुरता मिसळलेला, इथे अख्खा सांगाडाच त्याचा.

खड्याच्या मालकाला सांगितलं, तर पहिला प्रश्न, “म्हणजे खोटा?” अस्सल आहे, नीलमापेक्षा कितीतरी दुर्मिळ आहे, फक्त कठीणपणा सहा-साडेसहा म्हणून रोज बोटात घालू नका, हे सगळं बोललो. त्यांचा चेहरा पडलेलाच. वरिष्ठ म्हणाले, “चिठ्ठी बदला आणि पुढचं घ्या.”

चिठ्ठी बदलली. पण काही महिन्यांपूर्वी असाच एक खडा आला होता, एक कॅरेटच्या आतला. एका बाजूने गडद निळा, दुसऱ्या बाजूने जवळजवळ पांढरा. तेव्हा मी तो फिरवला नव्हता. नोंदवहीत त्याच्यापुढे माझ्याच अक्षरात एकच आकडा आहे, १.७६.