तुम्ही विचारलंत म्हणून: अवीरा म्हणजे काय?

"अवीरा? वेगळंच आहे नाव. म्हणजे काय?" लेकीचं नाव सांगितलं की गेली बारा वर्षं मी हे ऐकतेय. आधी उत्तर द्यायला आवडायचं, मग मी विषय बदलायला लागले. आता तर ज्यांना खरा अर्थ कुठून तरी कळलाय ते पुढचं विचारतात, "अगं, मग बदललं का नाहीस?" एकदाच लिहून टाकते. पुढच्या वेळी नुसतं 'वाचा' म्हणेन.

नाव शोधताना माझ्या दोनच अटी होत्या. वर्गात त्या नावाची दुसरी नसावी आणि हाक मारायला सुटसुटीत असावं. नावांच्या एका यादीत अवीरा दिसलं, समोर अर्थ होता 'शूर'. दुसऱ्या यादीत बघितलं, तिथेही 'शूर'. तिसरीत 'शूर, धाडसी'. तीन साक्षीदार मिळाल्यावर मी निर्धास्त झाले. तिघांनी एकमेकांचं बघून लिहिलं असेल ही शंकासुद्धा आली नाही. आणि मी काही संस्कृत न शिकलेली नव्हते. अशोक, अभय, अजिंक्य यांतला 'अ' काय करतो हे मला शाळेपासून ठाऊक होतं. स्वतःच्या मुलीच्या नावातला 'अ' मात्र मला शोभेचा वाटला.

ती दीड वर्षाची असताना आमच्या संस्कृतच्या बाई तिला बघायला आल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे दुखत होते, तरी जिना चढून आल्या. बसायच्या आधी म्हणाल्या, "नाव काय ठेवलंस?"

"अवीरा," मी म्हटलं, आणि विचारायच्या आत, "म्हणजे शूर."

लेकीने त्यांच्या चष्म्याची दोरी मुठीत धरली होती. बाईंनी ती सोडवून घेतली नाही. "कोणी सुचवलं?"

"मीच शोधलं."

"हं."

बाईंचा हा 'हं' मला चांगला ओळखीचा. फळ्यावर रूप चुकलं की चूक कुठे ते त्या सांगायच्या नाहीत, 'हं' म्हणून खडू पुन्हा हातात द्यायच्या. मग तासभर इकडचं तिकडचं बोलणं झालं, त्यांनी तिला मांडीवर घेतलं, दोन श्लोक म्हणून दाखवले. निघताना दाराशी थांबून म्हणाल्या, "अमरकोश आहे का गं घरात?"

होता. संस्कृतचा तो जुना शब्दकोश, शाळेतलाच, शिवण सुटलेला, रबरबँड लावून ठेवलेला. बाईंनी उभ्याउभ्याच दुसरं कांड काढलं, मनुष्यवर्ग, आणि एका ओळीवर नख ठेवून पुस्तक माझ्याकडे वळवलं. 'अवीरा निष्पतिसुता'. त्यांनी वाचलं नाही, मला वाचायला लावलं. आणि जुन्या सवयीने मी विग्रहही करून टाकला: जिला पती नाही आणि सुत नाही, ती.

"वीर म्हणजे नुसता शूर नव्हे गं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "वेदांत वीर म्हणजे पुरुष, मुलगासुद्धा. तो नसलेली ती अवीरा."

"पण वीरा म्हणजे तरी शूर ना?"

"कोशात वीरा म्हणजे जिचा नवरा आणि मुलगे हयात आहेत ती बाई. तुझा 'अ' काढला तरी तुझा अर्थ निघत नाही."

मला राग आला. यादीवाल्यांचा नाही, स्वतःचाही नाही, बाईंचा. आणि मी म्हणाले, "बाई, आजकाल एवढं कोण बघतं?" हे मी त्या बाईंना म्हणाले, ज्यांनी आम्हाला एवढं बघायला शिकवलं होतं. त्यांनी पुस्तकाला रबरबँड लावलं, माझ्या हातात दिलं. चपला घालताना म्हणाल्या, "राहवलं नाही म्हणून बोलले. पोर गोड आहे." पुन्हा त्या आल्या नाहीत, कारण मी बोलावलंच नाही. त्यांना जाऊन आता पाच वर्षं झाली.

त्या रात्री मी बरंच खणलं. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कोणाचं अन्न खाऊ नये त्याची मोठी यादी आहे, तिथे अवीरा सापडली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, शहाऐंशीव्या सूक्तात, ती इंद्राणीच्या तोंडी सापडली. इंद्राचा सखा वृषाकपी, त्याच्यावर चिडून ती म्हणते, 'अवीरामिव मामयं शरारुरभि मन्यते, उताहमस्मि वीरिणी'. हा दुष्ट मला अवीरा समजतो, पण मी तर वीरिणी आहे! मी अक्षरशः उठून बसले. हा शब्द ऐकून घेणारी नाही, झिडकारणारी बाई! पुढे कितीतरी दिवस मी ही ओळ ढालीसारखी वापरली. पण मग पुढचे शब्द नीट वाचले. वीरिणी म्हणजे वीर असलेली, आणि लगेच पुढे ती सांगते की मी इंद्रपत्नी आहे, मरुतांची सखी आहे. म्हणजे तिचाही आधार शेवटी तोच. ढाल खाली ठेवली.

तर बदललं का नाही? तेव्हाची मी म्हणायची, नाव अर्थाने चालत नाही, वापराने चालतं. हे अगदीच खोटं नाही. शेक्सपिअरच्या 'सिंबेलिन'मधली इमोजेन घ्या. १६२३च्या छापील प्रतीत ती इमोजेन आहे, पण १६११ साली ते नाटक बघितलेल्या सायमन फॉरमनने आपल्या टिपणात इनोजेन लिहिलंय. बरेच अभ्यासक म्हणतात, इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'n' दोनदा होता तो छापताना 'm' झाला. त्या चुकीवर आजही मुलींची नावं ठेवतात. आपली अपर्णा घ्या. पानंसुद्धा नसलेली! पण तपात पार्वतीने गळून पडलेली पानं खाणंही सोडलं, हे कालिदासाने सांगून ठेवलंय, म्हणून अपर्णा नाव ऐकून कोणी दचकत नाही. अवीरेला कालिदास भेटला नाही एवढंच.

आताची मी म्हणते, हे सगळं नंतर सुचलेलं आहे. खरं कारण असं की नाव बदललं असतं तर सगळ्यांना का ते सांगावं लागलं असतं. मी दुसरीच पळवाट काढली. दोन वर्षं मी वेलांटी ऱ्हस्व लिहीत होते, 'अविरा', म्हणजे कोणी विचारलंच तर 'अविरत'कडे बोट दाखवता यावं. जन्मदाखल्यावर दीर्घ होती. जिथे तिथे दोन्ही कागद जुळेनात, मग तेही सोडलं. हिब्रूत 'अवीरा' म्हणजे वातावरण हे कळलं तेव्हा काही महिने ते सांगितलं. लोकांना आवडायचं.

या भानगडीमुळे आता मैत्रिणी मला नावं तपासायला देतात. एकीला 'अन्वी' ठेवायचं होतं, यादीत अर्थ 'देवीचं नाव'. मी म्हटलं, 'ण' लिहून अण्वी कर, अणूचं स्त्रीरूप, इवलीशी. आणि ऋग्वेदात, पहिल्या मंडलाच्या तिसऱ्या सूक्तात, सोम गाळणाऱ्या बोटांना अण्वी म्हटलंय. मला ते कुठल्याही देवीपेक्षा आवडलं असतं. ती म्हणाली, "बोट? नको गं." दुसरं शोधलं.

एक गोष्ट राहिली. घरी आता आम्ही दोघीच, ते तुम्हाला माहीत आहे, त्यात शिरत नाही. पण अमरकोशाच्या व्याख्येत आज बसते ती मी. पती नाही, सुत नाही. मुलगी आहे, ती त्या शब्दात मोजत नाहीत. मला याचं हसू येतं. कधीकधी येत नाही.

मागच्या वर्षी तिचं संस्कृत सुरू झालं. एक दिवस दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, "आई, माझ्या नावातला 'अ' कसला?" मी तेच पुस्तक काढलं, तीच ओळ दाखवली. नखाची खूण अजून आहे. तिने वाचलं आणि विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"तू दीड वर्षाची होतीस तेव्हापासून."

"मग सगळ्यांना शूर का सांगायचीस?"

मला उत्तर देता आलं नाही. नाव बदलायचं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, बघू. अजून बघतेच आहे.

गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये एका काकूंनी विचारलं, "अवीरा? म्हणजे गं काय?" आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी गप्प राहिले.

"शूर," ती म्हणाली.