मनुका भिजेपर्यंत

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ठाण्याची मावसबहीण फोनवर विचारते, शेजारीण जिन्यात विचारते, आणि जेवायला येणारी मित्रमंडळी तर हटकून विचारतात: "संध्याकाळी आठ-दहा माणसं शब्बाथला जेवायला, आणि तुम्ही दोघं भर जुलैत सकाळी वाळवंटात चालायला जाता? हिवाळ्यात जावं की!"

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. मी पनवेलची, नवरा अलिबागकडचा, आणि आता घर इस्राएलच्या दक्षिणेला, नेगेवच्या वाळवंटातल्या दिमोनात. या गावात नारळ, पोहे, आमसुलं मिळतात, जिन्यात मराठी ऐकू येतं.

हिवाळ्याचं उत्तर घड्याळात आहे. शब्बाथ, म्हणजे आमचा आठवड्याच्या विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि दिवे त्याच्या थोडे आधीच लावायचे असतात. एकदा लावले की विस्तव पेटवायचा नाही, चूल नाही, गाडी नाही. डिसेंबरात दिव्यांची वेळ साडेचारच्या आतच येते. सकाळी उठून स्वयंपाकाला लागलं तरी जीव मेटाकुटीला येतो, चालायला कुठून जाणार? शिवाय त्या दिवसांत दूर कुठेतरी पाऊस पडला, तरी कोरड्या ओढ्याला अचानक लोंढा येतो. जुलैत मात्र दिवे साडेसातच्या सुमारास. ऊन आणि लांब दिवस बरोबरच येतात. मोकळी सकाळ हवी तर ऊनही घ्यावं लागतं.

आणि ती सकाळ मला हवीच असते. नवऱ्याला पाळीचं काम. तो रात्रपाळीहून येतो तेव्हा मी कामाला निघालेली असते. शनिवारी तो घरी असतो, पण घर भरलेलं असतं, आणि तसंच ते असावं. मग आम्ही दोघं एकमेकांशी बोलणार कधी? शुक्रवारी, आठ ते दहा.

त्यासाठी गुरुवारी रात्रीच कोंबडीचं हिरव्या वाटणाचं कालवण करून ठेवते. नारळाच्या दुधातलं, कारण मांसाबरोबर आम्हाला गाईम्हशीचं दूध चालत नाही. कोकणातल्या आमच्या बायकांनी हा प्रश्न नारळावरच सोडवला. सकाळी निघण्यापूर्वी एकच काम: काळ्या मनुका धुऊन पाण्यात टाकायच्या. त्यांचं शरबत हेच आमचं किद्दूशचं, म्हणजे शब्बाथच्या जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाचं, पेय, पनवेलला होतं तसंच इथेही. परत येईपर्यंत त्या टपोऱ्या फुगतात.

आम्ही जातो एन अवदातला. पांढऱ्या खडूसारख्या दगडाची उंच दरी, तळाशी झऱ्याचं हिरवं पाणी. पोहायला मनाई आहे आणि ते योग्यच आहे. ते पाणी तिथल्या रानबोकडांचं. त्यांना इथे 'याएल' म्हणतात. मागे वळलेली शिंगं घेऊन ते सरळ उभ्या कड्यावर असे उतरतात की आम्ही बोलायचं थांबतो. पुढे एक जुनं झाडांचं बन आहे, फुरात म्हणजे युफ्रेटिस नदीकाठी वाढतात त्या जातीच्या झाडांचं. एकाच झाडाला काही पानं अरुंद, काही रुंद. सकाळी दरीच्या भिंतींची सावली वाटेवर असते. त्या सावलीत घरखर्च, मुलीचं सैन्यातलं पोस्टिंग, त्याच्या आईची औषधं, सगळं निघतं. कधी काहीच निघत नाही, नुसतं चालतो.

वर लोखंडी शिड्या आहेत, पण तिकडून चढलं की त्याच वाटेने उतरता येत नाही. म्हणून आम्ही तळातूनच मागे फिरतो. दहाला गाडीत. हा नियम आम्ही एकदा फार वाईट शिकलो. दुसऱ्याच वर्षी, जूनमध्ये, उघड्या पठारावरच्या लांब वाटेला अकराला निघालो. कोकणातल्या उन्हाची सवय इथे दगा देते. तिकडे घामाने पोलकं पाठीला चिकटतं, ऊन लागतंय हे कळतं. इथली हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, आणि शरीरातलं पाणी कधी संपलं ते कळत नाही. परतीच्या चढावर माझं डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, आणि नवरा काय विचारतोय त्याला उत्तर सुचेना. त्याने मला एका कपारीच्या सावलीत बसवलं, उरलेलं पाणी माझ्या मानेवर ओतलं आणि तासभर हललाच नाही.

घरी पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. बीरशेबाची मैत्रीण मुक्कामाला येणार होती, ती लवकर येऊन, शेजारणीकडून किल्ली घेऊन आत शिरली होती. भात झालेला, कालवण शब्बाथला अन्न गरम ठेवायच्या विजेच्या पाटीवर ठेवलेलं, माझ्या मनुका कुस्करून, गाळून शरबतही तयार. तिने मला काही विचारलं नाही. फक्त काडेपेटी पुढे केली, कारण या घरचे दिवे मी लावायचे होते. माझी आजी काचेच्या पेल्यात पाण्यावर खोबरेल ओतून वात पेटवायची. मीही खोबरेलच वापरते. कोकणात आमच्या लोकांना 'शनवार तेली' म्हणत, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे. त्या संध्याकाळी हात थरथरत होते, वात दुसऱ्या काडीला लागली.

तेव्हापासून माणशी चार लिटर पाणी, मीठ घातलेलं आमसुलाचं सार एका बाटलीत, ओला पंचा टोपीखाली, आणि तहान लागायची वाट न पाहता प्यायचं. उष्णतेची लाट जाहीर झाली की जातच नाही. त्या दिवशी दोघं गच्चीत पहाटे चहा पितो.

आणि येणाऱ्यांचं म्हणाल, तर त्यांच्यासाठीही जाते. जी बाई दिवसभर ओट्यापाशी उभी असते ती संध्याकाळी पाहुण्यांना वाढते, पण त्यांच्यात बसत नाही. मी माझ्या आईला शुक्रवारी रात्री ताटावर पेंगताना पाहिलंय. मला माणसांबरोबर जागं बसायचं असतं.

साडेसातला दिवे लागतात, मंडळी सिनेगॉगमधून, म्हणजे आमच्या देवळातून, येतात. नवरा शरबताचा पेला उचलून किद्दूश म्हणतो. त्याच्या मानेवर अजून उन्हाची लाली असते. पहिला घोट तो घेतो, मग पेला माझ्याकडे देतो, माझ्यानंतर तो टेबलाभर फिरतो.