कोरी पानं आणि सिग्नल ११

एकाच अपाचीत, म्हणजे वेब सर्व्हरमध्ये, मॉड-पीएचपी आणि मॉड-पर्ल, म्हणजे त्या दोन भाषा चालवणारी मॉड्यूल्स, दोन्ही. वर्षभर कुणाची कुणाला अडचण नव्हती. मग एका सोमवारी बिलांची पानं कोरी यायला लागली. फक्त पर्लची, आणि तीही दर वेळी नाही. लॉगमध्ये एकच रडगाणं: सेगमेंटेशन फॉल्ट, सिग्नल ११. म्हणजे प्रोसेसनं आपली नसलेली मेमरी चाचपली आणि सिस्टिमनं तिला मारलं.

तीच स्क्रिप्ट कमांड लाइनवरून बिनतक्रार चालायची. पीएचपीचं मॉड्यूल काढलं की पर्ल ठणठणीत, पर्ल काढलं की पीएचपी ठणठणीत. पीएचपीवाल्यांनी 'पर्ल म्हातारं झालंय' असा निकाल दिला. पर्लवाला मी एकटाच, त्यामुळे निकाल बहुमतानं मंजूर.

अपाची -एक्स देऊन एकाच प्रोसेसमध्ये चालवला, जीडीबी हा डीबगर जोडला आणि पान रिफ्रेश करत बसलो. पडला तेव्हा स्टॅकमध्ये, म्हणजे कुणी कुणाला बोलावलं त्या यादीत, दिसलं: हाक मारली होती पर्लच्या डीबीडी-मायएसक्यूएलनं (मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणारं मॉड्यूल), 'ओ' दिली होती पीएचपीच्या लायब्ररीनं!

पीएचपीच्या मायएसक्यूएलआय एक्स्टेंशनला मायएसक्यूएल ४.१ लागतं, म्हणून कुणीतरी पीएचपी मायएसक्यूएल ४.१च्या क्लायंट लायब्ररीवर (डेटाबेसशी बोलणारी) नव्यानं बांधलं होतं. पर्ल ४.०वरच. अपाची मॉड्यूल चढवताना त्यांची फंक्शनं साऱ्या प्रोसेसला खुली करतो, आणि दोन्ही लायब्रऱ्यांत नावं तीच. पीएचपीची आधी चढलेली, म्हणून पर्लचे कॉलही तिच्याकडेच. कनेक्शनच्या स्ट्रक्चरला जागा ४.०च्या मापानं, भरणार ४.१. शेजारच्या मेमरीत काय सांडेल ते सांडेल. म्हणून तर कधी पडायचा, कधी नाही. दोन्ही मॉड्यूलांच्या .एसओ फायलींवर आधीच एलडीडी (कोणती फाइल कोणत्या लायब्रऱ्या ओढते ते दाखवणारी कमांड) चालवलं असतं, तर माझा दीड दिवस वाचला असता. बदल नोंदवहीत लिहिला असता तर तेवढंही लागलं नसतं. पण ती वही आमच्याकडे फक्त ऑडिटच्या आठवड्यात भरली जाते.

डीबीडी ४.१वर पुन्हा कंपाइल केलं, पडणं थांबलं. (२००९च्या पीएचपी ५.३मध्ये मायएसक्यूएलएनडी हा पीएचपीचा स्वतःचा ड्रायव्हर आला आणि पीएचपीला ही लायब्ररी लागेनाशी झाली. आम्हाला उशिरानंच.)

पण पीएचपी बदलून तोवर नऊ दिवस झाले होते. आधीचे आठ दिवस तेच सांडणं चालू होतं, फक्त प्रोसेस मरत नव्हती. त्या दिवसांतल्या बिलांच्या बेरजा ताडून पाहिल्या, जुळल्या. आकडाच चुकीचा साठला असेल तर बेरीज जुळणारच की. मूळ कागद मागायला हिशेब विभागात गेलो.

"का हो, काही बिघडलंय का?"

"नाही, सहज," म्हणालो, आणि तसाच परत आलो.