पक्षी हवेत ना? मग झाडू जरा बाजूला ठेवा

ठाण्यात ग्राउंड फ्लोअरचा फ्लॅट म्हटलं की लोक नाक मुरडतात, त्यांना मी आमची मागची बाजू दाखवते. फार काही नाही हां, कंपाउंड वॉलपर्यंतची मातीची पट्टी आहे, पण येऊरचा डोंगर जवळ आणि त्याला लागून १०० चौरस किमीहून मोठं नॅशनल पार्क, त्यामुळे पक्षी आसपास आहेतच, त्यांना फक्त खाली उतरायला कारण पाहिजे.

आणि ते कारण म्हणजे दाणे नव्हेत! बर्ड फीडर कुठला घेऊ असं सारखं विचारतात मला, माझं उत्तर एकच, घेऊच नका. आपल्याकडे ज्वारी-बाजरी ठेवली की कबुतरं येतात आणि ती एकदा ठाण मांडून बसली की बाकीचे फिरकत नाहीत, वर त्या विष्ठेने फुफ्फुसांना त्रास तो वेगळाच. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा राडा झाला, आठवतंय ना?

शिंजीर (सनबर्ड), शिंपी, दयाळ, नाचण, ही पक्षीमंडळी दाण्यांकडे बघतसुद्धा नाहीत, त्यांना किडे, अळ्या, फुलातला मध असलं काहीतरी लागतं. अगदी दाणे टिपणारी चिमणीसुद्धा लहान पिल्लांना किडे-अळ्याच भरवते. मग लिंबावर अळ्या दिसल्या की लगेच फवारा मारायचा आणि वर पक्षी येत नाहीत म्हणून रडायचं, हे कसं जमणार?

पाचोळ्याचंही तेच. सातभाई येतात, कचाकचा भांडल्यासारखे ओरडत एकेक पान उलटून खालचे किडे खातात, पण त्यासाठी पाचोळा शिल्लक तर पाहिजे. आमच्या सासूबाईंना अंगण लख्ख लागतं, त्यामुळे तह झालाय, तुळशीपुढचं त्यांचं, भिंतीकडचं माझं.

कोळ्यांची जाळी मात्र मी कुणालाच काढू देत नाही. शिंजीराचं ते लोंबणारं घरटं कोळ्याच्या जाळ्यानेच बांधून घेतलेलं असतं, आणि शिंपी पानं शिवतो तोही कापसाच्या नाहीतर जाळ्याच्या धाग्याने, दिवाळीच्या साफसफाईत आपण सगळं ओढून काढलं तर बिचाऱ्यांनी धागा आणायचा कुठून. शेवग्याची वाळकी फांदी पण डोक्यावर पडण्यासारखी नसेल तर राहू द्या, तांबट अशाच मऊ लाकडात भोक पाडून घर करतो.

पाणी ठेवायचं ते मातीच्या उथळ परळात, दोनेक इंच बास, नाहीतर छोटे पक्षी उतरतच नाहीत. रोज ओतून टाकायचं आणि काथ्याने घासायचं, कारण साठलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास तयार होतात. परळ झुडपाला अगदी चिकटून नको, मांजर दबा धरून बसते.

झाडांमध्ये साधी एकेरी लाल जास्वंद लावा, नर्सरीवाला ती भरगच्च डबलवाली गळ्यात मारतो, दिसते छान पण शिंजीराला त्यात चोच घालणं अवघड जातं. जागा असेल तर सिंगापूर चेरी, बुलबुल आणि फुलटोच्या तिच्यावर तुटून पडतात.

आणि कढीपत्त्याची काळी फळं तोडू नका, कोकिळा आणि बुलबुल ती खातात, मग त्यांच्या विष्ठेतून बिया पडून वाट्टेल तिथे रोपं उगवतात, आमच्याकडे तर एसीच्या पाइपखाली पण एक आलंय. कुणाला हवी असतील तर खरंच घेऊन जा, कुंड्या संपल्यात माझ्याकडच्या.