आमची वाटचाल : कढई कोणाची?

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या केसांच्या तेलाच्या दुकानात आजही एकच लोखंडी कढई आहे. डाव्या कानाजवळ पितळी ठिगळ मारलेली. 1987 साली वडिलांनी ती इतवारीतून आणली. तिळाचं तेलही तिथल्याच घाणीवाल्या भाऊंचं. पहिली दोन वर्षं त्यांनी डबे उधार दिले, साधी चिठ्ठीसुद्धा लिहून घेतली नाही.

प्रमाण आयुर्वेदाच्या ग्रंथातलंच: कल्क (वाटलेल्या औषधींचा गोळा) एक, तेल चार, माक्याचा रस सोळा. माका धानाच्या बांध्यांवरचा, ताजा. पान तळहातावर चोळलं की हात काळा पडलाच पाहिजे, नाहीतर माल परत. रस आटला की तेलावर फेस चढतो. मग कल्काची बोटांत वात वळून विस्तवावर धरायची. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, झारा फिरवत राहा.

2013 च्या पावसाळ्यात वडील दवाखान्यात, मी त्यांच्या उशाशी. चार वर्षं हाताखाली शिकलेल्या पोरानं वात न पाहताच तेल उतरवलं. महिन्याभरात बाटल्यांच्या तळाशी पाणी आणि बूच उघडताच खवट वास. 340 बाटल्या परत आल्या. बायकोच्या पाटल्या गहाण टाकून पैसे फेडले.

पोरगा दिवाळीआधीच निघून गेला आणि मागच्या गल्लीत दुकान थाटलं. गिऱ्हाइकांना सांगे, "त्यायचं तेल वास मारते." तो घाणा कोणी उतरवला होता, ते काही सांगत नसे. त्याचं तेल मात्र कधीच खवट होत नाही. होईल कसं? पातळ पॅराफिन आणि हिरवा रंग! खनिज तेलाला काय धाड भरते?

तेव्हा गिऱ्हाइकं तुटली, पण बडकस चौकाकडच्या एक काकू आल्या. बाटली हुंगली, नाक मुरडलं. "बदलून दे. अन् आता सोता उभा राहजो कढईपाशी." तेव्हापासून प्रत्येक घाण्याला मीच उभा असतो, मे महिन्यातसुद्धा. नागपूरचा मे आणि वर भट्टी, कल्पना करा.

पुढची वर्षं बरी गेली. पाटल्या सुटल्या.

विकणारा मीच, तरी सांगतो: कोंडा चिकट, पिवळसर असेल तर रात्रभर तेल थापून झोपू नका, ती बुरशी तेलावरच पोसते. टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, ते बहुतेक आपसूक परततात; त्याचं श्रेय आमच्या बाटलीला देऊ नका. चाई पडली, म्हणजे केसांत गोल टक्कल पडलं असेल तर आधी डॉक्टर गाठा.

त्या पोराचा धंदा आज आमच्यापेक्षा मोठा आहे. बाटलीवर 'परंपरागत कढईत सिद्ध' असं छापतो, वर कढईचा फोटो. परवा चष्मा लावून नीट पाहिला. डाव्या कानाजवळ पितळी ठिगळ आहे.