लाल फुलीचा लॅपटॉप

जुलैतली गोष्ट. रत्नागिरीत आठ दिवस पावसाला उसंत नव्हती. लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान उघडून अगरबत्ती लावतोय तोच एक काका छत्री मिटत आत आले. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला लॅपटॉप, तिसऱ्या पिशवीत एक सुटी बॅटरी.

"ही जुनी. नवी आत बसवलेली आहे. दोन्ही लावून बघितल्या, लाल फुली काही जात नाही."

लॅपटॉप दहा-बारा वर्षांचा, विंडोज ७ चा. खाली उजवीकडे बॅटरीच्या चित्रावर लाल फुली आणि संदेश: बॅटरी सापडत नाही. एका दुकानाने बॅटरी गेली म्हणून नवी गळ्यात मारली होती. तिच्यावरही फुली दिसल्यावर म्हणे, मदरबोर्ड, म्हणजे आतलं मुख्य सर्किट गेलंय, टाकून द्या. काकांच्या आंब्याचा सगळा हिशोब त्यात. शिवाय पावसात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून बॅटरी हवीच.

मी चार्जर उपटला. लॅपटॉप बंद पडला नाही! जी बॅटरी सापडतच नाही म्हणत होता, तिच्यावरच आरामात चालत होता. चार्ज मात्र होत नव्हता. नवी बॅटरी कंपनीतून अर्धवट भरून येते, त्या शिदोरीवर सगळं चाललं होतं.

दोन बॅटऱ्या आणि दुखणं एकच, हे काकांनी दारातच सांगितलं होतं. तेवढ्यावरून दोष लॅपटॉपच्या बाजूला आहे हे कळायला हवं होतं. पण हात सवयीने माउसकडे गेला. डिव्हाइस मॅनेजरमधून बॅटरीचा ड्रायव्हर काढला, रीस्टार्ट केला. फुली. बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्राम बघितला, तिथेही बॅटरी नाही. बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. याने बॅटरी आणि चार्जिंग सांभाळणारी छोटी चिप नव्याने सुरू होते आणि काही मशिन्स एवढ्यानेच सुधारतात. हे नाही सुधारलं. शेवटी विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालू करून तिचा पॉवर सप्लायचा फोल्डर उघडला. एरवी तिथे चार्जर आणि बॅट झिरो, म्हणजे बॅटरी, अशा दोन नोंदी असतात. इथे चार्जर एकटाच. म्हणजे विंडोज निर्दोष, आणि माझी सकाळ वाया.

स्क्रीनवरचा टक्का लॅपटॉप स्वतः मोजत नाही, हे गिऱ्हाइकाला पटवणं अवघड जातं. मोजणारी चिप बॅटरीच्या पोटात असते. आत किती करंट आला, बाहेर किती गेला, याची ती किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी नोंद ठेवते आणि लॅपटॉपने विचारलं की सांगते. हे बोलणं होतं दोन बारीक पिनांवरून, एक ताल धरणारी क्लॉक आणि एक माहिती नेणारी डेटा. वीज येते ती वेगळ्या, प्लस-मायनसच्या पिनांवरून. म्हणून वीज मिळत राहते आणि बोलणं मात्र तुटलेलं, असं होऊ शकतं.

बॅटरी काढली, चार्जर लावला आणि लॅपटॉपच्या बाजूच्या कनेक्टरवर मल्टिमीटर टेकवला. क्लॉकवर ३.३ व्होल्ट, जसे हवेत तसे. डेटावर आकडा नाचत होता, ०.४, १.१, पुन्हा शून्य. पिन जरा दाबली की ३.३. सोडली की गेला.

मग लॅपटॉप पूर्ण खोलला. भिंगाखाली बघतो तर डेटा पिनच्या बुडाशी हिरवट बुरा चढलेला आणि सोल्डरला केसाएवढी गोल चीर. खाऱ्या हवेचं काम. समुद्रालगतच्या घरांतली मशिन्स उघडली की हा हिरवा रंग हमखास भेटतो. कधी सोबत पालीचं अंडंही. जुन्या टूथब्रशने आयपीए, म्हणजे साफसफाईचं अल्कोहोल लावून घासलं, सोल्डर नीट धरावं म्हणून फ्लक्स लावला, कनेक्टरच्या पाचही पिनांना नवीन सोल्डर दिलं. दहा मिनिटांचं काम. फुली गेली.

काका जेवून आले तेव्हा मी जुनी बॅटरी लावून बसलो होतो. तिच्या चिपनुसार मूळ क्षमता ४८.८ वॉट-तास, आता पूर्ण भरल्यावर २१. म्हटलं, बघू खरं बोलते का. चार्जर काढला. बावीस टक्क्यांवर लॅपटॉप फट्कन बंद.

"परत मेला?" काका.

"नाही काका, तिची वही चुकलीय. कित्येक महिने पूर्ण भरली नाही, पूर्ण रिकामी झाली नाही, मग तिचा जुना अंदाजच चालू राहिला."

उपाय कंटाळवाणा असतो. शंभर टक्के भरायची, तासभर तशीच ठेवायची, मग बायोसच्या पडद्यावर उघडी सोडून आपोआप बंद पडेपर्यंत उतरवायची. तिथे विंडोज मध्येच झोपवत नाही. मग पुन्हा भरायची. संध्याकाळ झाली. आता चिप म्हणाली, १४.६. म्हणजे मूळच्या तीस टक्के.

"आधी एकवीस होते ना? तू कमी केलेस?"

मला हसू आवरेना. कमी केले नाहीत, कमी होते ते कळले. साधारण पन्नास मिनिटं चालेल म्हटलं, आणि ती पन्नास खरी असतील.

नव्या बॅटरीने मात्र मला पेचात टाकलं. मूळ क्षमता आणि आताची क्षमता तंतोतंत सारखी, चार्जिंगच्या फेऱ्या शून्य. लॅपटॉप आणखी एक दिवस ठेवून घेतला, ती एकदा भरून उतरवून पुन्हा भरली, तरी शून्यच. स्वस्त डुप्लिकेट बॅटऱ्यांत अशी चिप बरेचदा भेटते, वर्षानुवर्षं एकच आकडा घोकणारी. काकांना सांगितलं, ही चालेल बरी, पण हिचं आयुष्य स्क्रीनवर बघू नका, घड्याळ लावून बघा.

काकांनी लॅपटॉप नेल्याच्या दुसऱ्या दिवशी नवाच्या सुमाराला फोन. "अरे, सत्त्याण्णववर अडकलंय. चार्जर लावलेला आहे, पण चार्ज होत नाही म्हणतं."

"ते तसंच असतं काका. वरचा थोडा भाग उतरल्याशिवाय ते पुन्हा चार्जिंग सुरूच करत नाही. बॅटरीच्या भल्यासाठी."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "बरं. लाइट गेलीय, ठेवतो."

"लाइट गेलीय? मग चार्जर कशावर लावलाय?"