टेबलाला पाडलेला अर्धगोल

लेकीच्या टेबलाबद्दल लिहीन लिहीन म्हणता वर्ष गेलं. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. उजवा हात जेमतेम उचलतो आणि डावा आपल्याच मर्जीचा मालक. आठवीत आहे, डोकं तल्लख, पण शाळेच्या बाकावर बसली की कोपर हवेत लटकतं, मग सगळी ताकद हात सांभाळण्यातच जाते आणि दोन ओळी होईस्तोवर खांदा भरून येतो.

आम्ही आधी काय केलं, तर ऑनलाइन महागडी पेनं मागवली. जाड, जड, वाकडी, सगळी. ड्रॉवरमध्ये पडून आहेत. शेवटी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमवायला शिकवणाऱ्या) मॅडम म्हणाल्या, अहो पेनाचं राहू द्या, कोपर कुठे टेकतंय ते सांगा. तेव्हा ट्यूब पेटली.

मग सुतारकाकांना बोलावलं. १८ एमएम प्लायची फळी, आणि पोटाकडच्या बाजूला अर्धगोल कापायचा, म्हणजे ती आत सरकून बसते आणि दोन्ही कोपरं दोन बाजूंना फळीवर टेकतात. काकांना वाटलं ताई चेष्टा करतायत, "एवढी चांगली फळी वाया घालवायची?" पहिल्यांदा उंचीच चुकली, व्हीलचेअरचे हात फळीखाली जाईनात, कारण माप मी घेतलं होतं आणि साध्या खुर्चीवर बसवून घेतलं होतं. शेवटी टेबलाच्या पायांना दोन-दोन इंचाचे ठोकळे लावले. कडेनं बारीक पट्टीही मारून घेतली, नाहीतर पेन्सिल सारखी खाली आणि मी टेबलाखाली.

बाकीचं किरकोळीत झालं. वही सरकू नये म्हणून किचनच्या ड्रॉवरमध्ये घालतो ती रबरी जाळीची मॅट, आणि पेनाला एसीच्या पाइपवरचा काळा फोम, एसीवाल्याकडून वीतभर तुकडा फुकटच मागून आणला.

लॅपटॉपवर विंडोजमधलं स्टिकी कीज चालू केलं. शिफ्ट पाच वेळा दाबलं की टपकतं आणि आपण वैतागून बंद करतो ना, तेच! शिफ्ट दाबून सोडायचं, मग अक्षर दाबायचं, दोन बटणं एकदम धरायला लागत नाहीत. माउसच्या जागी ट्रॅकबॉल, हात जागच्या जागी, नुसता गोळा फिरवायचा. गूगल डॉक्समध्ये मराठी बोलून पण टाइप होतं, पण तिचं बोलणं जरा जड आहे त्यामुळे विज्ञानातल्या 'आम्ल'चा पार 'आंबा' होतो आणि मग दोघी हसत बसतो.

परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला किमान २० मिनिटं जास्तीची मिळतात, केंद्र सरकारच्या गाइडलाइन्समध्येच आहे ते. पण एका परीक्षेला तिनं हट्टानं लेखनिक नको म्हटलं, आणि परीक्षा केंद्रावर "बाहेरची वस्तू चालत नाही" म्हणून आमची ती जाळीची मॅटच काढून घेतली. पेपर सरकतोय, ही हनुवटीनं दाबून धरतेय. वाढीव वेळ सगळा त्यातच गेला. आता मी मॅटचंसुद्धा थेरपिस्ट मॅडमकडून लेखी घेऊन ठेवलंय, शिक्क्यासकट.

सध्या अडलंय ते कंपासपेटीवर. पत्र्याची ती पेटी एका हातानं उघडता उघडत नाही, आणि उघडली की सगळं सामान टेबलभर. कुणी काही जुगाड केला असेल तर सांगा.